कोर्स फुकट, परीक्षा हजाराची: स्वयम्-एनपीटीईएलवर पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी

‘आयआयटीचं फ्री सर्टिफिकेट’ नावाची वस्तू कुठेच मिळत नाही. फुकट असतो तो एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण योजनेचा कोर्स. आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्हिडिओ, दर आठवड्याची असाइनमेंट, शंका विचारायची जागा, या कशालाही पैसे पडत नाहीत. सर्टिफिकेट हवं असेल तर केंद्रावर जाऊन तीन तासांची परीक्षा द्यावी लागते आणि तिची फी वेगळी भरावी लागते. मी हे लिहितेय तेव्हा एनपीटीईएलची फी एका कोर्सला १००० रुपये आहे. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना निम्मी. अर्ज भरताना चालू आकडा बघून घ्या, पण हिशेब हा असाच असतो.

मी बार्शीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. शिक्षण वाणिज्य शाखेचं, संगणकाशी ओळख एमएस-सीआयटीपुरती. हिशेबाच्या कामात उपयोगी पडेल म्हणून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचा कोर्स घेतला, मग आणखी काही घेतले, परीक्षा दिल्या. आता ग्रंथालयात येणाऱ्या मुलांचे अर्ज भरून द्यायचं काम आपसूक माझ्याकडे आलंय. त्यामुळे माणूस नेमका कुठे अडकतो, हे बऱ्यापैकी पाठ झालंय. मोठ्या अभियांत्रिकी कॉलेजात हे सांगायला कोणीतरी नेमलेलं असतं. ज्यांच्या कॉलेजात तसं कोणी नाही, किंवा ज्यांचं कॉलेजच सुटलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

थोडी पार्श्वभूमी. २००३ साली सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून एनपीटीईएल सुरू केलं. देशात अभियांत्रिकी कॉलेजं भराभर निघाली, शिकवणारे तेवढे निघाले नाहीत. म्हणून चांगल्या प्राध्यापकांची व्याख्यानं रेकॉर्ड करून सगळ्यांना खुली करायची, असा तो बेत. २०१४ पासून त्याला परीक्षा आणि प्रमाणपत्राची जोड मिळाली. ९ जुलै २०१७ ला केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ हे ऑनलाइन कोर्सेसचं पोर्टल आलं आणि एनपीटीईएल त्याच्या छत्राखाली गेलं.

१. आधी ठरवा: शिकायचंय, कागद हवाय, की क्रेडिट?

या तिन्हीच्या वाटा वेगळ्या आहेत, आणि बहुतेक घोळ इथेच सुरू होतो.

नुसतं शिकायचं असेल तर कशाचीच वाट बघू नका. होऊन गेलेल्या कोर्सेसचे व्हिडिओ एनपीटीईएलच्या साइटवर आणि यूट्यूबवर पडून आहेत. आज रात्री जेवण झाल्यावर सुरू करता येईल. नोंदणी, मुदत, फी, काही नाही.

प्रमाणपत्र हवं असेल तर चालू सत्राचाच कोर्स घ्यावा लागतो. सत्रं दोन: एक जानेवारीत सुरू होणारं, दुसरं जुलैत. कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे. असाइनमेंट वेळेत भरायच्या, परीक्षेचा अर्ज वेळेत करायचा. जुन्या सत्राचा कोर्स कितीही मन लावून पाहिला तरी त्यावर परीक्षा देता येत नाही.

क्रेडिट हवं असेल, म्हणजे पदवीच्या गुणपत्रिकेत हा कोर्स धरला जायला हवा असेल, तर कोर्सच्या आधी कॉलेज गाठा. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंत विषय स्वयम्‌वरून घ्यायला मुभा दिली आणि २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली. पण मुभा म्हणजे हक्क नव्हे. कोणता कोर्स कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, हे तुमचं विद्यापीठ आणि कॉलेज ठरवतं. ढोबळमानाने १२ आठवड्यांना ३ क्रेडिट, ८ ला २, ४ ला १ असा हिशेब धरतात. विभागप्रमुखांकडून लेखी होकार घ्या, आणि अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (विद्यार्थ्याची क्रेडिट जमा ठेवणारं सरकारी ऑनलाइन खातं) क्रमांक नसेल तर काढून ठेवा. ‘सर हो म्हणाले होते’ हे वाक्य निकालानंतर परीक्षा विभागात चालत नाही. सर तोपर्यंत बदलून गेलेले असतात.

२. दुकान कोणतं ते ओळखा

स्वयम् म्हणजेच एनपीटीईएल, असं बरेच जण धरून चालतात. स्वयम् हे एकच दार आहे, आत नऊ राष्ट्रीय समन्वयक बसलेत. अभियांत्रिकी आणि विज्ञान-तंत्रज्ञान मुख्यतः एनपीटीईएलकडे, पदवीचे कला-वाणिज्य-विज्ञानाचे कोर्स सीईसीकडे (विद्यापीठ अनुदान आयोगाचं शैक्षणिक व्हिडिओ बनवणारं केंद्र), व्यवस्थापन आयआयएम बंगळुरूकडे, शालेय शिक्षण एनसीईआरटी आणि एनआयओएसकडे (राष्ट्रीय मुक्त विद्यालय), शिवाय इग्नू आणि इतर. मराठी माध्यमातून बी.ए., बी.कॉम. केलेल्यांनी सीईसीची यादी जरूर चाळावी. तिकडे इतिहास, अर्थशास्त्र, ग्रंथालयशास्त्र असं बरंच काही असतं आणि त्याची जाहिरात कोणी करत नाही.

सापळा असा की या सगळ्यांचे नियम एकसारखे नाहीत. एनपीटीईएल आपली परीक्षा स्वतः घेतं, त्यात असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५ गुण. इतर बहुतेक समन्वयकांच्या परीक्षा एनटीए ही केंद्राची परीक्षा घेणारी संस्था घेते, तिथे ३० आणि ७०. अर्जाची साइट वेगळी, तारखा वेगळ्या, फीसुद्धा वेगळी. मैत्रिणीने कसा अर्ज भरला ते विचारण्याआधी तिचा कोर्स कोणत्या समन्वयकाचा होता ते विचारा. यापुढे मी एनपीटीईएलचंच सांगणार आहे, कारण परीक्षा मी तिथल्या दिल्यात.

परदेशी साइटींबद्दलही मुलं विचारतात. कोर्सेरा आणि एडएक्स दोन्ही २०१२ मधल्या. जगातल्या कोणालाही उत्तम विद्यापीठ फुकट, अशी त्यांची सुरुवात होती. पण वर्षं गेली तसा फुकटाचा भाग आटत गेला. एडएक्सवर फुकट शिकणाऱ्याला कोर्स ठरावीक मुदतीपुरताच उघडा राहतो आणि प्रमाणपत्राला पैसे पडतात. कोर्सेरावर काही कोर्सना फुकट बघायची सोय असते, काहींना सुरुवातीचा भागच दिसतो. आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो, पण उत्तराला दोनेक आठवडे लागू शकतात, म्हणून घाईच्या वेळी त्यावर विसंबू नका. हार्वर्डचा डेव्हिड मलन यांचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा प्राथमिक कोर्स मात्र खरोखर वेगळा आहे. सगळे प्रकल्प पूर्ण करून पाठवले तर कोर्सकडून फुकट प्रमाणपत्र मिळतं. एडएक्सचं पडताळणी केलेलं हवं असेल तर त्याला पैसे, एवढा फरक लक्षात ठेवा. कोर्स अवघड आहे आणि इंग्रजी वेगवान आहे, हेही.

३. खातं उघडताना नावाकडे बघा

खातं गुगलच्या ईमेलने उघडता येतं. कॉलेजने दिलेला ईमेल वापरू नका. पदवी झाली की तो बंद होतो आणि प्रमाणपत्र त्या खात्यात अडकतं. नेटकॅफेवाल्याने स्वतःच्या ईमेलवर खातं उघडून दिलंय, असेही काही जण भेटतात. त्यांची परीक्षा सुरू होण्याआधीच सुरू होते. ईमेल तुमचा स्वतःचा, पासवर्ड तुम्हाला पाठ, आणि त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असलेला हवा.

नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं. आधारवर ते कुठे पूर्ण, कुठे नुसतं आद्याक्षर, आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिलं. लग्नानंतर आधार बदललंय आणि गुणपत्रिका माहेरच्या नावाची आहे, अशा मुलींनी तर हे आधीच मिटवून घ्यावं. प्रमाणपत्रावर छापायचं नाव परीक्षेच्या अर्जात भरलं की नंतर बदलून मिळेल या भरवशावर राहू नका. क्रेडिट हवं असेल तर विद्यापीठाच्या नोंदीतलं नाव धरा आणि त्याच नावाचं एक ओळखपत्र हाताशी ठेवा.

तुमचं कॉलेज एनपीटीईएलचं ‘लोकल चॅप्टर’, म्हणजे त्यांच्याशी जोडलेलं कॉलेज, असेल तर प्रोफाइलमध्ये त्याचं नाव निवडा. तिथे नेमलेले एक समन्वयक प्राध्यापक असतात, अडचण आली तर त्यांच्यामार्फत लवकर सुटते. नसेल तरी बिघडत नाही, एकट्याने सगळं करता येतं.

४. कोर्स एकच घ्या, आणि घेण्याआधी चाखा

नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, म्हणून मुलं पाच-पाच कोर्सना नाव घालतात. तिसऱ्या आठवड्यात एकाही कोर्सचा पत्ता नसतो. पहिल्या वेळी एकच घ्या.

निवडताना विषयाच्या नावावर जाऊ नका. कोर्सच्या पानावर आठवड्यांचा आराखडा, आधी काय यायला हवं, कोणासाठी आहे, हे सगळं दिलेलं असतं आणि तेच कोणी वाचत नाही. बहुतेक कोर्स पुन्हा पुन्हा येतात. मग त्याच प्राध्यापकांचे जुन्या सत्रातले दोन व्हिडिओ यूट्यूबवर बघा, एक पहिल्या आठवड्यातला आणि एक पाचव्या-सहाव्यातला. पहिला सगळ्यांनाच समजतो. सहाव्यातला अर्धा जरी कळला तरी कोर्स तुमच्या आवाक्यातला आहे.

पायथनचंच उदाहरण. आयआयटी रोपडच्या सुदर्शन अय्यंगार यांचा ‘जॉय ऑफ कम्प्युटिंग’ १२ आठवड्यांचा आहे, आणि कधीच कोड न लिहिलेल्या माणसाला हाताला धरून नेतो. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद यांचा पायथनमधून डेटा स्ट्रक्चर्स आणि अल्गोरिदम (माहिती रचून ठेवायच्या आणि प्रश्न पायरीपायरीने सोडवायच्या पद्धती) शिकवणारा कोर्स ८ आठवड्यांचा आहे. कमी आठवडे बघून नवखी मुलं तो घेतात आणि दुसऱ्याच आठवड्यात गळतात. तो कोर्स सुंदर आहे, पण लहान म्हणून सोपा नाही. प्रोग्रॅमिंगच्या काही कोर्सना कोड लिहूनही जमा करावा लागतो आणि गुणांची वाटणी थोडी वेगळी असते, तेही त्या पानावरच लिहिलेलं असतं.

५. आठवड्याचं गणित बसवा

दर आठवड्याला साधारण अडीच-तीन तासांचे व्हिडिओ येतात, वीस-तीस मिनिटांच्या तुकड्यांत. ते थांबवत, लिहून घेत पाहायचे म्हटलं की पाच तास धरा. असाइनमेंटमध्ये बहुतेक वेळा पर्यायी प्रश्न असतात. ती भरायची शेवटची वेळ बहुधा बुधवारी रात्री ११:५९. मुदतीच्या आत कितीही वेळा उत्तरं बदलून पुन्हा जमा करता येतात आणि शेवटची धरली जातात. म्हणून रविवारी एकदा भरून टाकायचं, मग बुधवारपर्यंत सुधारायचं. बुधवारी रात्री अकराला बसलात आणि लाइट गेली तर आठवडा गेला.

तसा एखादा आठवडा गेला तरी धीर सोडू नका. ८ आठवड्यांच्या कोर्सला सर्वांत चांगल्या ६ असाइनमेंट धरतात, १२ ला ८, ४ ला ३. घरात लग्नकार्य, सुगी, गावची जत्रा, एवढं बसेल इतकी सवलत त्यात आहे.

प्रमाणपत्राची अट मात्र नीट समजून घ्या. असाइनमेंटमध्ये २५ पैकी १० आणि परीक्षेत ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे हवेत. असाइनमेंटला २५ पैकी २५ आणि परीक्षेत २८ पडले तर बेरीज ५३ होते, पण प्रमाणपत्र मिळत नाही. हे सांगायचं कारण म्हणजे टेलिग्राम आणि यूट्यूबवर दर आठवड्याला ‘आन्सर्स’ फिरतात. त्यातली काही चुकीची असतात, ते एक. दुसरं असं की त्यांच्यावर २५ मिळवलेली मुलं परीक्षेत हमखास तिशीच्या अलीकडे अडकतात, कारण परीक्षेतले प्रश्न असाइनमेंटच्याच वळणाचे असतात आणि ते सोडवायचा सराव त्यांनी केलेलाच नसतो. हजार रुपये आणि एसटीचं भाडं घालवून हे कळून घ्यायची गरज नाही.

गळती हा काही आपल्याच मुलांचा आळस नव्हे. २०११ च्या शेवटी स्टॅनफर्डच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या खुल्या कोर्सला जगभरातून एक लाख साठ हजार लोकांनी नाव नोंदवलं. आता शिक्षणाचं चित्रच पालटणार, अशी तेव्हा हवा होती. पुढे जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेझ-व्हॅलिएंटे या संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या कोर्सेसचा २०१२ ते २०१८ चा हिशेब काढला आणि २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात छापला. सव्वा कोटीहून जास्त नोंदण्या होत्या. नाव नोंदवलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्स उघडलाच नाही. २०१७-१८ मध्ये पूर्ण करणारे ३.१३ टक्के. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये मात्र हेच प्रमाण ४६ टक्के होतं. शिवाय या कोर्सेसचा फायदा मुख्यतः श्रीमंत देशांतल्या लोकांकडेच जात राहिला, हेही त्यात दिसलं.

पैसे भरले की माणूस शिकतो, असा याचा सरळ अर्थ लावता येत नाही. जो आधीच ठाम असतो तोच पैसे भरतो. तरी ग्रंथालयात बसून मला जे दिसतं ते या आकड्यांच्या जवळ जातं. ज्याने परीक्षेचा अर्ज भरला त्याच्यासमोर एक तारीख असते, आणि फुकटच्या कोर्समध्ये नेमकी तीच नसते. म्हणून माझा सल्ला असा, की प्रमाणपत्राची फारशी गरज नसली तरी पहिल्या कोर्सची परीक्षा द्या. हजार रुपये खरोखर जड जात असतील तर दोघी-तिघींनी मिळून तोच कोर्स घ्या आणि रविवारची एक वेळ ठरवा. कोणीतरी वाट बघतंय म्हटलं की माणूस येतो.

६. इंग्रजीचं काय?

खरी अडचण ही आहे, आणि तिला वळसा घालता येत नाही. व्याख्यानं इंग्रजीत, आणि प्राध्यापकांचे उच्चार बंगाली, तमिळ, पंजाबी असे नाना तऱ्हेचे. पहिले चार दिवस वेग ०.७५ करून, खालची अक्षरं लावून बघा. कान सरावतो, फार वेळ लागत नाही. अनेक कोर्सचं लिखित रूप पीडीएफमध्ये मिळतं, आणि काहींचं मराठीत भाषांतर केलेलंही आहे. ते भाषांतर वाचायला जरा कोरडं वाटतं, पण शंका आल्यावर उघडायला बरं.

वहीत टिपणं मराठीत काढा आणि पारिभाषिक शब्द इंग्रजीच ठेवा. ‘लूप म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा, अट मोडेपर्यंत’ असं. परीक्षेत लूप हाच शब्द येणार आहे, त्याला मराठी शब्द शोधत बसू नका.

इंग्रजीची फारच धास्ती असेल तर एनपीटीईएलच्या आधी आयआयटी मुंबईचं ‘स्पोकन ट्युटोरियल’ करा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला हा प्रकल्प. लिब्रेऑफिस, पायथन, लिनक्स, जिंप अशा मोफत सॉफ्टवेअरचे दहाएक मिनिटांचे धडे त्यात आहेत, आणि त्यांतले बरेच मराठीत ऐकायला मिळतात. पडदा इंग्रजीत, आवाज मराठीत. थोडं ऐकायचं, थांबवायचं, स्वतः करून बघायचं, मग पुढे. आमच्याकडच्या बी.ए.च्या मुलींना मी आधी यातलंच स्प्रेडशीट करायला लावते.

७. मोबाइल, डेटा, वीज

व्हिडिओ मोबाइलवर बघता येतात, असाइनमेंट भरता येते. पण प्रोग्रॅमिंग मोबाइलवर शिकू नका. ग्रंथालयाचा संगणक मागा, तुमचा हक्क आहे. संगणकात काही टाकू देत नसतील तर ब्राउझरमध्ये गुगल कोलॅब उघडा. पायथन तिथेच चालतं, काही बसवावं लागत नाही. उठताना खात्यातून बाहेर पडायला विसरू नका. मागच्याचं खातं उघडंच, हे मी रोज बघते.

डेटा वाचवायला व्हिडिओ ३६० पी वर बघा. फळ्यावरचं दिसतं. कोडची बारीक अक्षरं मात्र त्याखाली वाचता येत नाहीत. वायफाय असेल तिथे आठवड्याचे सगळे व्हिडिओ उतरवून घ्या. जिथे नेटच धड नाही तिथे ‘स्वयम् प्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या डिशवर फुकट दिसतात. त्यावर परीक्षेची तयारी होणार नाही, विषयाची ओळख होईल.

८. परीक्षेचा अर्ज: इथे सगळ्यात जास्त मुलं चुकतात

कोर्सला नाव नोंदवणं आणि परीक्षेला नोंदवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कोर्स सुरू झाल्यावर मध्येच कधीतरी परीक्षेचा अर्ज खुला होतो आणि ठरलेल्या तारखेला बंद होतो. त्याचा ईमेल येतो. आपण ईमेल उघडत नाही, व्हॉट्सअॅपवर असतो. तारीख कोर्सच्या पानावर लिहिलेली असते. ती पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहून टाका, भिंतीवरच्या. मुदत टळली तर बहुतेक वेळा पुढच्या सत्राची वाट बघावी लागते, आणि तो कोर्स पुढच्या सत्रात येईलच असंही नाही.

अर्जाला बसण्याआधी हे जवळ ठेवा:

- पासपोर्ट आकाराचा अलीकडचा फोटो, पांढऱ्या पार्श्वभूमीचा. सेल्फी कापून लावू नका.
- पांढऱ्या कागदावरच्या सहीचा स्पष्ट फोटो
- ओळखपत्र, ज्यावरचं नाव अर्जाशी जुळतं
- फीची सवलत घेणार असाल तर जातीचं किंवा दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र स्कॅन करून
- कॉलेजचा रोल नंबर, शिकत असाल तर
- यूपीआय किंवा कार्ड, स्वतःचं किंवा घरातल्या माणसाचं. पैसे गेल्याची पावती उतरवून ठेवा.

केंद्राचं शहर निवडताना घाई करू नका, उशीरही करू नका. जवळच्या शहरातल्या जागा भरल्या तर लांब जावं लागतं. सकाळचं सत्र नऊला सुरू होतं, दुपारचं दोनला. आमच्याकडून सोलापूर किंवा पुण्याला जाणाऱ्यांनी दुपारचं घ्यावं, म्हणजे आदल्या रात्रीचा मुक्काम वाचतो. दोन कोर्सची परीक्षा एकाच दिवशी येत असेल तर एक सकाळी, एक दुपारी घेता येते का ते बघा, पण सहा तास संगणकापुढे बसायची तयारी ठेवा.

पैसे फक्त अधिकृत साइटवर भरा. ‘आयआयटी सर्टिफिकेट, नोंदणी फी ४९९’ असे मेसेज फिरत असतात. एनपीटीईएल कोर्सच्या नोंदणीला एक रुपयाही घेत नाही. तो मागितला की समजा.

९. परीक्षेचा दिवस

हॉल तिकीट कागदावर छापून न्या. मूळ ओळखपत्र न्या. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो दाखवून आत सोडत नाहीत. परीक्षा संगणकावर असते, प्रश्न पर्यायी आणि काही ठिकाणी आकडा टाकायचे. कॅल्क्युलेटर पडद्यावर मिळतो की नाही, सोबत काय नेता येतं, हे हॉल तिकिटावर लिहिलेलं असतं.

तयारीला शेवटचे दोन आठवडे ठेवा आणि त्यात नवे व्हिडिओ बघू नका. सगळ्या असाइनमेंट उत्तरं झाकून पुन्हा सोडवा. एवढ्यावर पास होता येतं. ‘एलिट’ हवं असेल, म्हणजे एकूण ६० किंवा जास्त, तर व्हिडिओंमधली उदाहरणंही हाताने करून बघा. ७५ पासून रौप्य, ९० पासून सुवर्ण असे पुढचे टप्पे आहेत.

१०. निकालानंतर

निकाल लागल्याचं ईमेलवर कळतं. प्रमाणपत्र पीडीएफमध्ये येतं, वर क्यूआर कोड असतो, टपालाने काही येत नाही. तो पीडीएफ उतरवून दोन ठिकाणी ठेवा.

नोकरीच्या अर्जात त्याचं वजन किती, हे सगळेच विचारतात. कोड लिहायच्या नोकरीत मुलाखतीला नुसत्या प्रमाणपत्राने फारसं काही होत नाही, कोर्समध्ये केलेला एखादा छोटा प्रकल्प दाखवता आला तर बोलणं पुढे सरकतं. कॉलेजात शिकवणाऱ्यांना मात्र त्याचा थेट उपयोग आहे, कारण एनपीटीईएलचे ठरावीक ८ आणि १२ आठवड्यांचे कोर्स एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) प्राध्यापक विकास कार्यक्रमात धरले जातात. पतसंस्था, सीएचं ऑफिस, दुकानाचा हिशेब अशा ठिकाणी काम करणाऱ्यांना कागद कोणी विचारत नाही. तीन तासांचं काम वीस मिनिटांत करून दिलं की मालक स्वतःच विचारतो, हे कुठे शिकलीस.

क्रेडिटवाल्यांचं काम अजून बाकी असतं. प्रमाणपत्राची प्रत, सुरुवातीला घेतलेला लेखी होकार आणि अर्ज, असं तिन्ही जोडून परीक्षा विभागात द्या. क्रेडिट बँकेच्या खात्यात नोंद दिसते का ते स्वतः उघडून बघा, दिसत नसेल तर कॉलेजच्या समन्वयकांना ईमेल करा. आणि अर्ज दिल्यावर दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का मारून पोच घ्या.